मेजर अटॅकनंतरची अँजिओग्राफी: धोका चाचणीचा की थांबण्याचा?

आयसीयूच्या दाराशी हातात संमतीपत्र येतं. त्यावर रक्तस्राव, पक्षाघात, मूत्रपिंड निकामी होणे, मृत्यू असे शब्द ओळीने छापलेले असतात आणि सही पाच मिनिटांत हवी असते. आत झोपलेल्या माणसाला नुकताच हृदयविकाराचा मोठा झटका येऊन गेलेला असतो. रक्तदाब धड नसतो, दम लागलेला असतो. अशा वेळी घरच्यांच्या तोंडी पहिला प्रश्न येतो तो हाच: "एवढं सगळं झालंय, त्यात आणखी अँजिओग्राफी झेपेल का?"

प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. १९८० च्या आधी मोठमोठे हृदयरोगतज्ज्ञसुद्धा हाच प्रश्न विचारत होते आणि बहुतेकांचं उत्तर 'नाही झेपणार' असं होतं. आज ते उत्तर बदललं आहे, पण सरसकट बदललेलं नाही. काही रुग्णांत अर्धा तास थांबणंही महागात पडतं, तर काहींत घाई करून काहीच पदरात पडत नाही. अँजिओग्राफीने आजार बरा होत नाही, आजाराचं चित्र मिळतं. ते पाहून पुढे काय करता येईल आणि ते किती लवकर करता येईल, यावर त्या चित्राची किंमत ठरते. हे धरून चाललं की संमतीपत्रावरची भीतिदायक यादी जरा वेगळी दिसू लागते.

झटका येतो तेव्हा आत काय घडतं

हृदय साऱ्या शरीराला रक्त पाठवतं, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पुरवतात त्या कोरोनरी वाहिन्या. मुख्य वाहिन्या तीन. उजवीकडे एक आणि डावीकडे दोन, आणि डावीकडच्या दोन्ही एकाच आखूड खोडातून फुटतात. डॉक्टर त्या खोडाला 'लेफ्ट मेन' म्हणतात, आणि तिथे अडथळा असेल तर त्यांचा सूर का बदलतो ते यावरून कळेल.

वर्षानुवर्षं या वाहिन्यांच्या भिंतीत चरबीयुक्त थर साठत जातो. त्याला 'प्लाक' म्हणतात. प्लाकवर एक पातळ पापुद्रा असतो. तो फाटला किंवा खरवडला गेला की आतला ऐवज रक्ताच्या संपर्कात येतो, त्या जागी रक्त गोठतं आणि गुठळीने वाट बंद होते. पलीकडच्या स्नायूला प्राणवायू मिळेनासा होतो. हाच हृदयविकाराचा झटका.

पण स्नायू एका क्षणात मरत नाही. १९७७ मध्ये रायमर आणि जेनिंग्ज या संशोधकांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांतून दाखवलं की मरण्याची ही क्रिया हृदयाच्या भिंतीच्या आतल्या थरापासून सुरू होते आणि काही तासांत बाहेरच्या थराकडे सरकत जाते. वाहिनी लवकर उघडली तर बाहेरचा बराच स्नायू वाचतो. उशिरा उघडली तर वाचवायला फारसं काही उरत नाही. पुढचा सगळा हिशोब याच एका गोष्टीभोवती फिरतो.

वाहिनी पूर्ण बंद आहे का, याचा पहिला सुगावा ईसीजी देतो. त्यातला 'एसटी' नावाचा भाग वर उचललेला दिसला तर तो झटका 'स्टेमी'. तसं दिसलं नाही, पण रक्तात ट्रोपोनिन नावाचं स्नायूला इजा झाल्याचं प्रथिन वाढलेलं सापडलं, तर 'नॉन-स्टेमी'. ही विभागणी सोयीची आहे, अचूक नाही. नॉन-स्टेमी म्हणून दाखल झालेल्यांपैकी सुमारे चौथ्या हिश्शात नंतर वाहिनी पूर्ण बंद निघते. म्हणून ईसीजी कसाही असो, छातीतलं दुखणं औषधांनी थांबत नसेल, रक्तदाब घसरत असेल किंवा ठोक्यांची लय बिघडत असेल, तर रुग्णाला दोन तासांच्या आत कॅथलॅबमध्ये (जिथे अँजिओग्राफी करतात त्या खोलीत) न्यावं असं मार्गदर्शक सूचना सांगतात.

'मेजर अटॅक' हा शब्द आपण सैलपणे वापरतो. डॉक्टरांच्या डोक्यात त्याचे निदान तीन अर्थ असू शकतात: स्नायूचा मोठा भाग धोक्यात आहे, हृदय इतकं कमजोर झालंय की मेंदू-मूत्रपिंडांनाही पुरेसं रक्त पोचत नाही (याला कार्डिओजेनिक शॉक म्हणतात, पुढे नुसतं 'शॉक' म्हणू), किंवा हृदय बंद पडून छाती दाबून, विजेचा झटका देऊन ते पुन्हा सुरू करावं लागलं आहे. या तिन्हींत अँजिओग्राफीचं उत्तर वेगवेगळं येतं. नातेवाइकांनी सगळ्यात आधी विचारावं ते हेच, की आमचा माणूस यातल्या कुठल्या गटात आहे.

डॉक्टरही घाबरत होते, त्याची गोष्ट

३० ऑक्टोबर १९५८. क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स २६ वर्षांच्या एका तरुणाच्या महाधमनीचं चित्र घेत होते. बेत होता महाधमनीत डाय (क्ष-किरणांत वाहिनी उमटावी म्हणून सोडायचा द्रव) सोडायचा. नळीचं टोक सरकलं, थेट उजव्या कोरोनरी वाहिनीत शिरलं आणि सगळा डाय तिथे गेला. त्या काळची समजूत अशी होती की एवढा डाय एकट्या कोरोनरीत गेला तर माणूस संपलाच. हृदय खरोखरच काही क्षण थांबलं. सोन्सनी रुग्णाला जोरात खोकायला सांगितलं. त्या खोकल्यांनी डाय पुढे ढकलला गेला आणि ठोके परत सुरू झाले. अपघाताने का होईना, कोरोनरी वाहिनीचं थेट चित्र घेता येतं आणि माणूस त्यातून जगतो, हे सिद्ध झालं.

तरीही झटका येऊन काही तासच झालेल्या रुग्णावर ही चाचणी करायची हिंमत पुढची वीस वर्षं फारशी कुणी केली नाही. जखमी हृदयात नळी घालणं म्हणजे मरण ओढवून घेणं, असं मानलं जाई. या भीतीचा एक परिणाम आज गमतीचा वाटतो. गुठळीमुळे झटका येतो की झटक्यामुळे गुठळी होते, यावर तज्ज्ञांत खराखुरा वाद होता, कारण जिवंत माणसात ऐन वेळी आत डोकावून कुणी पाहिलंच नव्हतं. जे दिसत होतं ते शवविच्छेदनात.

१९८० मध्ये अमेरिकेतल्या स्पोकेन शहरातले डॉ. मार्कस डीवूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३२२ रुग्णांच्या अँजिओग्राफींचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. झटका सुरू झाल्यापासून चार तासांच्या आत ज्यांची तपासणी झाली, त्यांच्यापैकी ८७ टक्क्यांत वाहिनी पूर्ण बंद होती. बारा ते चोवीस तासांनी तपासलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्क्यांवर आलं होतं. गुठळी आधी होते, आणि कधी कधी आपोआप विरघळूही लागते, हे यातून स्पष्ट झालं. शिवाय ही तपासणी झटक्यातही करता येते हेही कळलं. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी झुरिकमध्ये १६ सप्टेंबर १९७७ रोजी फुग्याने वाहिनी उघडून (हीच अँजिओप्लास्टी) दाखवली होतीच. चित्र काढणं आणि वाट मोकळी करणं या दोन गोष्टी एकाच टेबलावर येणार हे मग ठरल्यासारखंच होतं.

चित्रात काय दिसतं आणि काय दिसत नाही

मनगटातल्या किंवा जांघेतल्या धमनीतून एक बारीक, लवचिक नळी हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून आयोडीनयुक्त डाय सोडतात आणि त्याच वेळी क्ष-किरणांची चलचित्रं घेतात. डाय जिथे पोचतो तिथे वाहिनी काळी उमटते, जिथे अडतो तिथे रेघ तुटते. रुग्ण शुद्धीवर असतो, फक्त टोचण्याची जागा बधिर करतात. नुसतं चित्र घ्यायला बहुधा अर्ध्या तासाहून कमी वेळ लागतो.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. अँजिओग्राफीत वाहिनी दिसत नाही, वाहिनीतल्या डायची सावली दिसते. नाण्याची सावली भिंतीवर पाडून पाहा: समोरून उजेड पडला तर गोल, कडेने पडला तर नुसती रेघ. वाहिनीतला अरुंद भागही एका कोनातून भयंकर आणि दुसऱ्या कोनातून किरकोळ दिसू शकतो, म्हणून तर यंत्राचा हात रुग्णाभोवती फिरवून अनेक बाजूंनी चित्रं घेतात. '७० टक्के ब्लॉकेज' हा आकडा बऱ्याचदा डोळ्यांनी केलेला अंदाज असतो. दोन अनुभवी डॉक्टरांचे अंदाज थोडे वेगळे आले तर त्यात कुणी फसवतंय असं समजू नये.

भिंतीत काय साठलंय, हे तर सावलीत उमटतच नाही. १९८८ मध्ये डॉ. विल्यम लिटल आणि सहकाऱ्यांनी झटका येण्याआधीही अँजिओग्राफी झालेल्या रुग्णांची जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून पाहिली. ज्या जागी पुढे वाहिनी बंद पडली, तिथला आधीचा अडथळा सुमारे दोन तृतीयांश रुग्णांत ५० टक्क्यांहून कमी होता. म्हणजे चित्रात निरुपद्रवी दिसलेल्या जागेनेच दगा दिला होता. 'दोन वर्षांपूर्वी अँजिओग्राफी नॉर्मल होती, मग झटका कसा आला?' या रागाने विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

भिंत पाहायची तर नळीतून कॅमेऱ्यासारखं काहीतरी आतच न्यावं लागतं. आयव्हस हे ध्वनिलहरींवर चालतं, ओसीटी प्रकाशावर. ओसीटीला १० ते २० मायक्रॉन एवढा बारीक तपशील दिसतो (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), त्यामुळे फाटलेला पापुद्रा, गुठळी, नीट न बसलेला स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) असं सगळं उघड होतं. मात्र त्यासाठी क्षणभर रक्त बाजूला सारावं लागतं आणि बहुधा आणखी डाय द्यावा लागतो. आयव्हसमध्ये तपशील कमी, पण डाय लागत नाही आणि खोलवर दिसतं. २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या १६३९ रुग्णांच्या चाचणीत, गुंतागुंतीच्या अडथळ्यांवर असं आतून पाहून स्टेंट बसवलेल्यांत हृदयविकाराने मृत्यू, त्या वाहिनीशी संबंधित झटका किंवा पुन्हा अँजिओप्लास्टी याचं प्रमाण ७.७ टक्के आलं, नुसत्या अँजिओग्राफीवर भिस्त ठेवलेल्यांत १२.३ टक्के. लेफ्ट मेनमध्ये किंवा लांबलचक अडथळ्यात स्टेंट घालताना हे वापरणार का, असं विचारायला संकोच करू नका.

संमतीपत्रावरचे धोके, एकेक करून

सगळ्या प्रकारच्या रुग्णांचा एकत्र विचार केला तर नुसत्या अँजिओग्राफीत मृत्यूचं प्रमाण हजारात सुमारे एक आणि पक्षाघाताचंही साधारण तेवढंच. पक्षाघात होतो तो बहुधा नळी जाताना महाधमनीतला एखादा कण सुटून मेंदूकडे गेला तर. झटक्याच्या रुग्णांत हे आकडे मोठे असतात. मात्र ते वाचताना एक गोष्ट विसरू नये: मोठ्या झटक्यानंतर कॅथलॅबमध्ये जे दगावतात, त्यातले बहुतेक झटक्याने दगावतात. नळीने नव्हे. दोन्ही घटना एकाच खोलीत घडतात म्हणून नातेवाइकांच्या मनात 'अँजिओग्राफी करताना गेले' असं कायमचं नोंदलं जातं.

रक्तस्राव हा खराखुरा धोका, कारण गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी औषधं आधीच भरपूर दिलेली असतात. यावर सर्वांत मोठा उपाय निघाला तो अगदी साधा: जांघेऐवजी मनगट. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'मॅट्रिक्स' या ८४०४ रुग्णांच्या चाचणीत मनगटाच्या गटात एका महिन्यातले मृत्यू १.६ टक्के होते, जांघेच्या गटात २.२ टक्के. मनगटातली धमनी वरच असते, दाबून रक्त थांबवता येतं. जांघेत खोलवर साठलेलं रक्त उशिरा लक्षात येतं.

किरणोत्सर्गाची भीती इथे जवळजवळ अप्रस्तुत आहे. एका अँजिओग्राफीत साधारण तेवढाच मारा होतो जेवढा दोन-तीन वर्षांत आपल्याला निसर्गातूनच मिळतो. अँजिओप्लास्टीत तो वाढतो, पण जीव धोक्यात असताना हा मुद्दा तोलायला बसू नये.

डायची ॲलर्जी होऊ शकते, गंभीर स्वरूपाची मात्र विरळाच. कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी असलेल्यांना डाय चालत नाही, ही समजूत सर्वत्र पसरलेली आहे आणि ती चुकीची आहे. ती ॲलर्जी त्या प्राण्यांमधल्या प्रथिनाची असते, आयोडीनची नाही. पूर्वी डायचीच गंभीर प्रतिक्रिया आली असेल तर मात्र ते आठवणीने सांगायला हवं. तरीही तातडी असेल तर औषधं देऊन चाचणी करता येते.

"आधी तब्येत स्थिरावू द्या, मग नेऊ"

ऐकायला शहाणपणाचं वाटतं. शॉकमधल्या रुग्णाबाबत ते बहुधा चुकतं.

हे तपासायला १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली 'शॉक' याच नावाची चाचणी झाली. त्यात ३०२ रुग्ण होते. अर्ध्यांना तातडीने अँजिओग्राफी करून गरजेप्रमाणे अँजिओप्लास्टी किंवा बायपास केली, उरलेल्यांना आधी औषधांनी सावरायचा प्रयत्न केला. महिन्याभरात पहिल्या गटातले ४६.७ टक्के दगावले, दुसऱ्यातले ५६ टक्के. हा फरक योगायोगाचाही असू शकत होता. सहा महिन्यांनी मात्र ५०.३ विरुद्ध ६३.१ टक्के असं चित्र दिसलं आणि ते ठाम होतं. दर आठ जणांमागे साधारण एक जीव वाचला. हृदय कमजोर आहे म्हणून वाहिनी बंद ठेवायची आणि वाहिनी बंद आहे म्हणून हृदय आणखी कमजोर होत जायचं, हे चक्र औषधांनी क्वचितच तुटतं.

आकड्यांची दुसरी बाजूही पाहू. तातडीने सगळं केलं तरी निम्मे गेले. शॉकमध्ये डॉक्टर 'फिफ्टी-फिफ्टी' म्हणतात ते उगाच नाही.

मग अशा रुग्णात सापडलेले सगळेच अडथळे एकदम उघडावेत का? तर्क म्हणेल, हो. २०१७ च्या 'कल्प्रिट-शॉक' या ७०६ रुग्णांच्या चाचणीने उलट उत्तर दिलं. फक्त झटक्याला कारण झालेली वाहिनी उघडून थांबलेल्यांत महिन्याभरात मृत्यू किंवा डायलिसिसची वेळ ४५.९ टक्क्यांवर आली, सगळ्या एकदम उघडलेल्यांत ५५.४ टक्क्यांवर. टेबलावरचा जास्त वेळ आणि जास्त डाय त्या थकलेल्या शरीराला सोसत नाही. शॉक नसलेल्या स्टेमी रुग्णांत मात्र बाकीचे मोठे अडथळे पुढच्या काही दिवस-आठवड्यांत उघडणं फायद्याचं ठरतं. २०१९ च्या 'कंप्लीट' चाचणीत हृदयविकाराने मृत्यू किंवा नवा झटका यांचं प्रमाण त्यामुळे १०.५ वरून ७.८ टक्क्यांवर आलं. तेव्हा 'एकच स्टेंट घातला, दोन ब्लॉकेज तशीच सोडली' हे ऐकून अर्धवट काम झालं असं समजू नका, पुढची तारीख विचारा.

कॅथलॅबकडे धावण्याआधी टूडी इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, दोन मिनिटं मात्र सार्थकी लागतात. झटक्यात हृदयाचा पडदा फाटलाय का, झडपेला धरणारा स्नायू तुटलाय का, हे इकोत दिसतं, आणि तसं असेल तर रुग्णाला शल्यचिकित्सकाची गरज असते. नुसत्या स्टेंटने तिथे भागत नाही.

मग प्रत्येकाला लगेच का नको?

हृदय बंद पडून परत सुरू झालं, रुग्ण बेशुद्ध आहे, पण ईसीजीत एसटी उचललेला नाही. अनेक वर्षं अशांनाही धावपळ करून कॅथलॅबमध्ये नेलं जाई. दोन चाचण्यांनी ही घाई थांबवली. नेदरलँड्समधल्या 'कोॲक्ट' चाचणीत (२०१९, ५५२ रुग्ण) लगेच अँजिओग्राफी झालेल्यांपैकी ६४.५ टक्के ९० दिवसांनी जिवंत होते, थांबून केलेल्यांपैकी ६७.२ टक्के. २०२१ च्या 'टोमाहॉक' चाचणीत तर महिन्याभरातले मृत्यू तातडीच्या गटात ५४ आणि थांबलेल्या गटात ४६ टक्के निघाले. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला पुरता उतरला नाही, पण घाईचा फायदा दिसला नाही एवढं नक्की. कारणं समजण्यासारखी आहेत. यांच्यापैकी फारच थोड्यांत ताजी, पूर्ण बंद वाहिनी सापडते, आणि बरेच जण पुढे दगावतात ते मेंदूला प्राणवायू न मिळाल्याने झालेल्या इजेने. ती इजा स्टेंटने भरून येत नाही. अशा वेळी डॉक्टर थांबतात तेव्हा त्यांनी रुग्ण सोडून दिलेला नसतो.

दुसरं उदाहरण उशिराचं. झटका येऊन तीन ते अठ्ठावीस दिवस झालेत, रुग्ण चालतो-फिरतो आहे, दुखत नाही, पण वाहिनी पूर्ण बंद आहे. उघडावी का? 'ओट' चाचणीत (२००६) अशा २१६६ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली. चार वर्षांत मृत्यू, नवा झटका किंवा गंभीर हृदयअपयश हे उघडलेल्यांत १७.२ टक्के आणि न उघडलेल्यांत १५.६ टक्के. फायदा शून्य. ज्या स्नायूसाठी धावायचं तो तोवर गेलेला होता.

मला हे दोन निकाल फार महत्त्वाचे वाटतात. पुढे करण्याजोगं काही नसेल किंवा करण्याची वेळ टळली असेल, तर तेच उत्तम चित्र फक्त जोखीम उरतं.

कॅथलॅब दूर असेल तर

स्टेमीचं निदान झाल्यापासून १२० मिनिटांत वाहिनी उघडता येणार असेल तर थेट तिकडे जावं. जमणार नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन द्यावं, तेही निर्णयानंतर दहा मिनिटांत, असं युरोपीय मार्गदर्शक सूचना सांगतात. २३ चाचण्यांच्या २००३ च्या एकत्रित विश्लेषणात थेट अँजिओप्लास्टीत सुरुवातीचे मृत्यू ७ टक्के आणि इंजेक्शनच्या गटात ९ टक्के होते. म्हणून अँजिओप्लास्टी सरस. पण ती वेळेत झाली तर.

इंजेक्शन दिलं म्हणजे प्रकरण संपलं, असं मात्र नाही. तासा-दीड तासाने पुन्हा ईसीजी काढतात. एसटीचा उंचावा निम्म्यानेही उतरला नसेल तर इंजेक्शन फसलं, आता ताबडतोब कॅथलॅब. २०१३ च्या 'स्ट्रीम' चाचणीत ३६ टक्के रुग्णांवर ही वेळ आली. ज्यांच्यात काम झालं त्यांनाही २ ते २४ तासांत अँजिओग्राफी करावी असा सल्ला आहे, कारण गुठळी गेली तरी फाटलेला प्लाक जागच्या जागी असतो. 'इंजेक्शनने बरं वाटतंय, आता घरी जाऊ' हे त्यामुळेच धोक्याचं. आणि इंजेक्शन देणाऱ्या ठिकाणाहून रुग्णाला लगेच पुढे हलवणं योग्यच. ते फसायची वाट बघत बसू नये.

किडनी कमजोर आहे, वयही झालंय

डाय मूत्रपिंडातून बाहेर पडतो. ती आधीच कमजोर असतील, मधुमेह असेल, तर पुढच्या काही दिवसांत क्रिएटिनिन (मूत्रपिंडांचं काम कळवणारा रक्तातला घटक) चढू शकतं. बहुतेकांत ते आठवडा-दोन आठवड्यांत मूळपदावर येतं, कायमचं डायलिसिस लागणं दुर्मीळ. मोठ्या झटक्यात मूत्रपिंडांना खरा फटका अनेकदा रक्तदाब घसरल्याने बसतो, आणि दोष मात्र डायवर जातो. डाय शक्य तितका कमी वापरणं आणि हृदयाला सोसेल एवढं सलाइन, हे दोन उपाय टिकले आहेत. वर्षानुवर्षं दिल्या गेलेल्या ॲसिटिलसिस्टीनच्या गोळ्यांचा उपयोग होत नाही, हे २०१८ मध्ये सुमारे ५००० रुग्णांच्या चाचणीत दिसलं. मधुमेहावरची मेटफॉर्मिन चालू असेल तर सांगा, ती दोन दिवस बंद ठेवायला सांगू शकतात.

वयाचा प्रश्न अधिक अवघड. स्टेमीत ऐंशी वर्षांच्या माणसालाही वाहिनी उघडण्याचा फायदा होतो, नुसत्या वयावरून नाकारू नये. नॉन-स्टेमीत गणित निराळं. २०२४ च्या 'सीनियर-रीटा' चाचणीत ७५ वर्षांवरचे १५१८ रुग्ण होते. अँजिओग्राफी केलेल्या आणि औषधांवर ठेवलेल्या गटांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका यांचं प्रमाण जवळपास सारखंच आलं, २५.६ आणि २६.३ टक्के. नवे झटके मात्र पहिल्या गटात कमी होते, ११.७ विरुद्ध १५ टक्के. अशा वयात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आणि रोज फिरायला जाणारा रुग्ण यांना एकच सल्ला देणं बरोबर होणार नाही, आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर त्याचं स्वतःचं मत घरच्यांच्या मताआधी विचारावं. आपल्याकडे हे राहून जातं.

उलट चूकही होते, आणि ती मोजली गेली आहे: ज्यांना धोका जास्त त्यांनाच डॉक्टर अँजिओग्राफी कमी वेळा सुचवतात, कारण धोका जास्त आहे! फायद्याची जागाही बहुधा तिथेच असते.

सीटी अँजिओग्राफीने भागणार नाही का?

छातीत दुखतंय पण झटक्याची खात्री नाही, अशा माणसासाठी ती चांगली चाचणी आहे. सुरू असलेल्या मोठ्या झटक्यात नाही. डाय तिलाही लागतो, वेळ जातो, आणि बंद वाहिनी दिसली की कॅथलॅबमध्ये जावंच लागतं. एक अपवाद ध्यानात ठेवावा. दुखणं पाठीत फाडल्यासारखं असेल, दोन हातांतला रक्तदाब वेगळा असेल, तर महाधमनीच फाटलेली असू शकते. तिथे सीटी आधी, कारण झटका समजून दिलेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव घेऊ शकतं.

आणि ब्लॉकेज सापडलंच नाही तर?

झटक्याच्या सुमारे ६ टक्के रुग्णांत वाहिन्यांत मोठा अडथळा सापडत नाही. स्त्रियांत हे जास्त आढळतं. अशा वेळी घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात, काही जण 'उगाच चाचणी केली' म्हणतात, आणि 'नॉर्मल' हा शब्द वाचून औषधं बंद करणारेही भेटतात. हे करू नये. ट्रोपोनिन वाढलंय म्हणजे स्नायूला इजा झालेली आहे. कारण शोधायचं राहिलंय, एवढाच त्या अहवालाचा अर्थ.

कारणं बरीच असू शकतात. छोटा प्लाक फाटून गुठळी झाली आणि विरघळली. वाहिनीला पेटका आला. जबर मानसिक धक्क्याने हृदयाचं टोक तात्पुरतं लुळं पडलं. किंवा झटका नसून हृदयाच्या स्नायूला विषाणूमुळे सूज आहे. आणखी एक कारण तुलनेने तरुण स्त्रियांत, बाळंतपणानंतरच्या दिवसांतही दिसतं: वाहिनीच्या भिंतीचे पदर आपोआप सुटतात आणि मध्ये रक्त साठतं. इथे नळीच्या टोकाने किंवा डायच्या जोराने चीर वाढण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. म्हणून रुग्ण स्थिर असेल तर डॉक्टर हात आवरता घेतात, स्टेंट टाळतात. अशा बहुतेक चिरा काही आठवड्यांत आपल्या आपण भरतात.

उरलेला शोध ओसीटी आणि हृदयाचा एमआरआय घेतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अडथळा न सापडलेल्या ११६ स्त्रियांच्या या दोन्ही तपासण्या झाल्या, आणि ९८ जणींत कारण हाती लागलं. एमआरआय पहिल्या दोन आठवड्यांत केला तर सूज नेमकी कुठे आहे ते चांगलं दिसतं. नुकताच स्टेंट घातलाय म्हणून एमआरआय चालणार नाही, असं काही नाही, आजचे कोरोनरी स्टेंट त्यासाठी सुरक्षित आहेत. निदान बदललं की औषधंही बदलतात. प्लाक फाटलेला दिसला तर ॲस्पिरिन आणि कोलेस्टेरॉलच्या गोळ्या दीर्घकाळ, पेटका असेल तर तो सैल करणाऱ्या गोळ्या, आणि स्नायूला सूज असेल तर रक्त पातळ करणाऱ्या दोन-दोन गोळ्या वर्षभर घेण्याचं कारणच उरत नाही.